दोन पायलट

घर ते बंदर अडीच किलोमीटर, त्यातला अर्धा उतार.
टॅक्सीवाला म्हणाला, एवढ्याशा भाड्याला कोण येणार?
म्हणून दोन पायलट केले,
एकाच्या मोटरसायकलवर हे, दुसऱ्याच्या मागे मी,
आणि बॅग माझ्या पायलटच्या पुढ्यात, टाकीवर आडवी,
लेकीने पाठवलेली, पोपटी,
हरवली तर लांबूनही दिसावी म्हणून.

सड्याच्या वळणावर तेओदोलीनबायने विचारलं, कुठे निघालात?
ह्यांनी हनुवटीने खाली बंदर दाखवलं.
"मग निवृत्त झालात ते काय?"

कोळशाच्या ढिगापलीकडे ती उभी होती,
अकरा मजल्यांची, पांढरीशुभ्र.
मला पहिली काळजी तिच्या पुसण्याची.
सव्वीस वर्षं मी खिडकीचे गज पुसते आहे,
सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा,
फडकं पिळलं की बादलीत शाई.

आमची खोली सातव्या मजल्यावर, बिनखिडकीची.
खिडकीचे साडेचार हजार वेगळे.
हे म्हणाले, खिडकीतून दिसणार काय,
आपलंच घर.

वर गाणी लागली होती.
पेल्यांत कागदाच्या छत्र्या घेऊन पोरंपोरी नाचत होती.
हे कठड्याशी उभे, खाली दोर सोडणाऱ्यांकडे बघत,
"आधी मागचा, अरे, आधी मागचा"
असं काहीतरी स्वतःशीच.

एकोणतीस वर्षं हे पायलटच्या लाँचवर होते.
तो दुसरा पायलट, कडक इस्त्रीचा,
जो परक्या जहाजाला बंदरातून बाहेर काढून देतो
आणि लाल-पांढऱ्या बोयापाशी दोरीच्या शिडीने उतरतो.
ह्यांचं काम त्याला खाली धरून घेण्याचं,
मग लाँच वळायची.
घरी येऊन सांगायचे, आज ब्राझीलला सोडलं.
आज कोरियाला.
पाहुणे फाटकापर्यंत पोचवून आल्यासारखं.
हात धुवायचे, ताट पुढे ओढायचे.
बोयाच्या पलीकडे हे कधी गेले नव्हते.
इतकी वर्षं मी तसं विचारलंही नव्हतं.

लाँच जहाजाला घासून आली तेव्हा
कुणाचंच लक्ष नव्हतं.
पायलट उतरू लागला, पाठमोरा, पायरीपायरीने.
खाली दियोगो, ह्यांनीच शिकवलेला.
"लाट चढू दे," हे पुटपुटले, "चढू दे, चढू दे,
हां."
आणि त्याच क्षणी दियोगोने धरलं.

मग त्याने वर पाहिलं. एवढ्या माणसांत त्याला हे कसे दिसले कोण जाणे.
"सगुणबाब, वचून येयात!"
जाऊन या, म्हणाला. ह्यांना.
हात हलवायचा असतो हे ह्यांना सुचलं नाही,
दोन्ही हात कठड्यावर होते.
लाँच वळली
आणि ह्यांचं अंगही तिच्याबरोबर थोडं वळलं,
डावा खांदा आधी.

बोया आला.
मला वाटलं होतं त्याहून मोठा, गंजलेला,
वर दोन पक्षी बसलेले.
गेला.

मी सड्यावर आमची इमारत शोधत होते.
गच्चीवर फिक्कट काहीतरी हलत होतं,
दोरीवरची चादर काढायची राहिली होती बहुतेक.
तीन दिवसांत काळी होणार.
सांगायला म्हणून वळले तर हे पुढे बघत होते,
जिकडे बघण्यासारखं काही नव्हतं.
बऱ्याच वेळाने म्हणाले, "पाणी तेच आहे की गं."
आवाजात थोडी तक्रार होती.

रात्री बिनखिडकीच्या काळोखात मला जाग आली.
हे उठून बसले होते, पाय खाली सोडून,
पहाटेच्या पाळीला निघाल्यासारखे.
"कुठवर आलो?"
मी म्हटलं, मला काय ठाऊक.
"मलाही नाही," म्हणाले,
आणि हसले, अगदी हळू,
शेजारच्या खोलीत कुणी जागं होऊ नये इतपत.