एका कलमाचा कायदा

जमिनीखाली चौथ्या मजल्यावर
नकाशांच्या कपाटांजवळ
एक निळी बादली आहे.
वर लंडन. त्याच्याही वर ढग.
मधला एक पाइप एकोणीस वर्षं ठिबकतोय
आणि बादली मी ओततेय.
माझ्या हुद्द्यात हे काम लिहिलेलं नाही.

आमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा रिवाज असा:
देशात छापलेलं सगळं इथे येतं,
परत काहीच जात नाही.
वाचायचं तर इथेच बसा,
पेन बाहेर ठेवा, पेन्सिल चालेल.
मंत्री आला तरी
घरी न्यायला पुस्तक मिळत नाही.
आम्ही उसनं देत नाही
आणि जुन्या कायद्यानं
आम्हाला घेताही येत नाही.
नाटकवाले कर्ज काढतात, चित्रांची दालनं काढतात,
कोपऱ्यावरचा केबाबवाला
फ्रिजसाठी बँकेत जाऊन येतो.
दीड कोटी पुस्तकांच्या घराला मात्र
पत नाही.

म्हणून वाचवायचं, दरसाल चिमूटभर.
मार्च सरला की उरलंसुरलं सरकारजमा.
पाइपला मार्च कळत नाही.

(माझ्या आईनं जन्मात कर्ज काढलं नाही.
फार अभिमान होता.
न्हाणीघराचं छत पडलं तेव्हा
ती सुदैवानं शेजारी होती.)

शुक्रवारी दुपारी संसद ओस असते.
खासदारांना गावाकडच्या गाड्या पकडायच्या असतात.
लोवेना ट्रेमेन नावाच्या बाई
जवळजवळ रिकाम्या बाकांना समजावत होत्या:
‘कर्ज घेता येणार नाही’
एवढंच लिहिलंय,
त्यातला ‘नाही’ तेवढा खोडू या.
क्वाबेनानं ट्रॉलीवर फोन उभा केला होता.
अडीचला दोन मिनिटं कमी.
मागच्या बाकावरून कुणीतरी
(चेहरा दिसलाच नाही)
एकच शब्द बोललं:
हरकत.
कारण सांगावं लागत नाही.
विधेयक पडलं.
‘थर्झा,’ क्वाबेना म्हणाला,
‘इथलं सर्वांत जड पुस्तक मी उचललंय.
एवढं जड नव्हतं.’

त्या हिवाळ्यात नॉरफोकचा किनारा भिजला.
डाग समुद्रात होता तोवर ठीक,
मग तो गावांत शिरला,
एका चर्चच्या दारापर्यंत गेला.
टिपकागदाच्या दोन थरांत
नकाशाला निजवलं,
रात्रभर पंखा लावून मी शेजारी बसले.

पुढच्या वर्षी, पुन्हा शुक्रवार.
पुन्हा त्याच बाई, तेच वाक्य, तोच ‘नाही’.
अडीच वाजता मागच्या बाकावर
कुणीतरी घसा खाकरला.
आम्ही दोघांनी श्वास धरला.
खोकला होता.
खोकलाच निघाला.

मग वरचं सभागृह, मग मुकुटाची संमती.
ती म्हणे अजून जुन्या फ्रेंचमध्ये देतात,
इथे कुणालाच न येणाऱ्या.

आज तो कायदा छापून आला.
दोन पानं, एक पिन.
छापलेलं सगळं इथे येतं
तसा टपालाच्या पोत्यातून खाली आला.
मी त्याला क्रमांक दिला,
कोरडं फडताळ शोधलं,
तिथे ठेवला.
आता तोही कुणाला घरी नेता येणार नाही.

‘व्याज कोण भरणार?’ क्वाबेनानं विचारलं.
‘आत यायला उद्या तिकीट लावतील?’
ते दोन पानांत नव्हतं. मी पाहिलं होतं.
‘पेन्सिलनं लिहिलं असेल,’ मी म्हणाले,
‘खोडता येईल.’
तो हसला नाही.
बादली आज त्यानं ओतली.