ओले हात

आधी हात भिजव, राजेशम म्हणायचा,
मनगटापर्यंत.
मग शिव.

हिप्परग्याच्या तलावावर सकाळी सहा,
लूमला सुट्टी, पण त्याच्या कानांत खटका चालूच.
म्हणून माझ्याशी मोठ्यानं, मराठीत.
माशाशी मात्र तेलुगूत, अगदी खालच्या पट्टीत:
मेल्लगा, मेल्लगा.

गळाची उलटी अणी त्यानं पकडीनं चेपलेली.
अशानं निम्मे सुटतील की, मी म्हणालो.
सुटू देत, म्हणाला,
तेवढंच आपलं काम कमी.

माझा पहिला रोहू, दीड किलोचा असेल.
मी खांद्यावरचा टॉवेल ओढला,
आमच्याच कारखान्यातला, निर्यातीतून परत आलेला,
आणि त्याला गुंडाळलं तान्ह्या पोरासारखं, घट्ट.
फोटो काढ. अजून एक. उभा काढ.
राजेशमनं फोन हातातच घेतला नाही.
मी सोडला. तो गेलाही.

पुढच्या सुट्टीला काठाच्या शेवाळात एक रोहू,
कुशीवर कापसासारखी बुरशी,
पट्ट्यापट्ट्यांनी.
तो तुझाच, असं राजेशम म्हणाला नाही.
मीही विचारलं नाही.

बऱ्याच वेळानं म्हणाला,
साऱ्या जगाची अंगं पुसतो आपलं गाव.
याचं नाही पुसायचं.
ते बुळबुळीत लागतं ना, ते त्याचं कापड.
विणलेलं नाही, म्हणून
फाटलं तरी आपल्याला दिसत नाही.

मग बोटं दाखवली,
चाळीस वर्षं तुटलेले धागे जोडून
टोकं गुळगुळीत झालेली.
एक हात शेपटीच्या मुळाशी,
दुसरा पोटाखाली, नुसता ठेवलेला.
कल्ल्यात बोट नाही.
दगडावर ठेवशील तर भाकरीच भाजशील.
वर उचललास तर तुझाही श्वास धर;
तुझा जीव कासावीस झाला, की त्याला खाली ने.
आणि चैत्रात नऊनंतर गळ टाकूच नको,
पाण्यालाच तेव्हा धाप लागलेली असते.

नागनाथ भोई तराफ्यावरून जाळं ओढत होता.
सोडायचाच, तर धरता कशाला?
खरंय, राजेशम म्हणाला,
आणि तंबाखूची पुडी पुढे केली.
हात ओले, म्हणून
दोघांची नागनाथनंच मळली.

यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.
राजेशमचे लूम भंगारात गेले, तो मुलीकडे भिवंडीला.
फोनवर त्याला ऐकू येत नाही,
मी ओरडतो: कटला! अडीच किलो!
तो विचारतो: हात?

आज तो कटला माझ्या तळव्यांवर होता,
तोंड लाटेकडे.
कल्ले उघडत होते, मिटत होते.
मी ढकललं नाही.
गुडघ्यांना चिखल गार लागत होता,
पलीकडे महामार्गावर ट्रक,
आणि मला कुठं जायचं होतं तेच आठवेना.

मग एक फटका, तोंडभर पाणी,
आणि हातांत काहीच नाही.

पिशवीत टॉवेल होता.
तोंड पुसलं.
हात तसेच.