किरकोळ खर्च

म्हापशाच्या इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर
मी अकरा वर्षं बसतो.
माझा आवाज मोठा आहे. पेडण्याला आमच्याकडे
माडावरच्या पाडेल्याशी बोलायचं तर मोठाच लागतो.
त्याच आवाजात मी काचेतून विचारलं,
नाव? वय? नवऱ्याचं नाव? पत्ता?
आणि मागची सगळी रांग
उत्तर ऐकायला गप्प झाली.

ती बोलली नाही.
सोबतची पोलिसीण म्हणाली, पूजा लिहा,
एफआयआरमध्ये तेच आहे.
पत्ता?
मेर्शीचं सरकारी वसतिगृह.
त्याआधीचा?
पोलिसीण नुसती बघत राहिली.
किनाऱ्यावरचं कुठलंसं पार्लर. त्याला पाटी होती,
पत्ता नव्हता.
मी रेघ मारली.

रक्त दिलं तिने, लघवी दिली, एक्स-रे काढला.
सगळं एका सकाळी झालं.
खोटं कशाला सांगू, तीन सकाळी लागल्या,
एकदा मशीन बंद, एकदा पोलीस गाडी नाही.
जखमेचं मलम आमच्याकडे होतं.
बाकीच्यासाठी मंगळवार-शुक्रवार, दहा ते बारा,
स्टोअररूमच्या अर्ध्या भागात
लविना मॅडम बसते.
दारावर समुपदेशन रंगवलंय, त्याखाली अजून
सलाईन स्टँड पुसट वाचता येतं.
दार लागत नाही. कुठल्याशा पावसाळ्यात फुगलं ते फुगलंच.

मॅडमला कोकणी येते, इंग्रजी, मोडकं मराठी.
मुलीला यातलं काहीच येत नव्हतं.
हिंदी येत असावं, तिथे शिकलेलं,
पण ते ती तोंडात घेत नव्हती.

शुक्रवार होता. बाजार सोडून बीपीच्या गोळ्यांना
झमकीबाई आली होती, विकायच्या माळा गळ्यात तशाच.
मुलगी तिच्या घागऱ्याच्या आरशांकडे बघून
काहीतरी पुटपुटली.
झमकीबाई गर्रकन वळली.

मीच तिला आत पाठवलं. नियमात बसतं का ते
कुणाला विचारलं नाही.
पण पोलिसीण आतून उठेना. ताबा आहे, म्हणाली.
तेव्हा झमकीबाईने पिशवीतले पैंजण
बाहेरच्या बाकावर पसरले.
बाई, निवडून ठेवा. न वाजणारे खाली आहेत.

दार अर्धं उघडं. मला त्यांची भाषा कळत नव्हती,
फक्त लांबी कळत होती.
मॅडमचा प्रश्न चार शब्दांचा.
झमकीबाईने त्याचे शंभर केले.
मग मुलगी बोलली. मी शिक्के मारत होतो,
नऊ पेशंट झाले, दहावा झाला,
ती बोलतच होती.
शेवटी झमकीबाई मॅडमला म्हणाली,
बरं आहे म्हणते.

मॅडमने पेन खाली ठेवलं
आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही.
त्या दोघी बोलत राहिल्या, साडेबारापर्यंत.

नंतर मी विचारलं, एवढं काय सांगत होती?
मिरच्या, झमकीबाई म्हणाली.
तांड्यावर या दिवसांत मिरच्या खुडतात,
हात जळतात, मग हाताला तेल लावायचं की ताक
यावरून तिची आणि आईची जुंपायची.
आणि?
आणि तुला काय करायचंय?

मग पैशांचं निघालं. दुभाषी असा हेड
आमच्या वहीत नाही.
तिचा अर्धा बाजार बुडाला होता, तोही शुक्रवारचा.
साहेब म्हणाले, चहापाणी व किरकोळमध्ये टाका.
साठ रुपये.
झमकीबाईने अंगठा उठवला, नोटा दोनदा मोजल्या,
आणि गोळ्यांची पुडी खिडकीतच विसरून गेली.

पुढच्या शुक्रवारी आली ती पुडीसाठी, म्हणे.
मुलगी तिच्या आधीच येऊन बसलेली. पोलिसीण तीच,
बुटाच्या वर काहीतरी चमकत होतं, वाजत नव्हतं.
मी खुर्चीतून उठून बाहेर गेलो.
जमेल तेवढ्या हळू विचारलं, जुनाच पेपर ना?
मुलीने पेपरवर बोट ठेवलं, पूजावर,
आणि मान हलवली. नाही.

नाव बदलायला प्रतिज्ञापत्र लागतं.
ते मी सांगितलं नाही. कानावरची पेन्सिल दिली.
तिने ती घेतली, लिहिलं काहीच नाही,
मुठीत धरून आत गेली.

संध्याकाळपर्यंत पेन्सिल परत आली नाही.
किरकोळमध्ये टाकली.