चौथी फेरी

शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अलीकडं,
मुजावरच्या दुकानात आम्ही दोघं उभे.
मी उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर,
व्हर्नियरवर जगलेला माणूस,
तेव्हा आधी आकडेच विचारले:
शाई कितीला, कागद कितीला,
एक फोटो शेवटी पडतो कितीला?

अश्पाकनं तीन यंत्रं मांडली काउंटरवर.
एक टाकीचं. बाटलीनं शाई ओतायची
आणि वर्षभर विसरायचं.
पण महिनाभर बंद ठेवलं तर आत वाळतं,
हे त्यानं जरा हळू सांगितलं.
एक सहा रंगांचं, आमच्या शिलाई मशीनएवढी जागा खाणारं,
कातडीला कातडीचा रंग देतं म्हणे.
आणि एक डबा, पोस्टकार्डाएवढे फोटो काढणारा,
ज्याच्याकडं मी नीट बघितलंसुद्धा नाही.

शालन तोवर गप्प, पिशवी दोन्ही हातांनी धरून.
मग म्हणाली, "वजन किती ह्याचं?"

"काकू, वजन कोण विचारत नाही ओ.
वायफाय हाय का विचारतात."

"एका हातात उचलंल का, तेवढं सांग."

मला कळलं.
त्या ऑगस्टात पाणी मीटरच्या पेटीला लागलं
तेव्हा तिच्या एका हातात कागदपत्रांची पिशवी,
दुसऱ्या हातात शेजारच्या भोसल्यांची धाकटी.
अल्बम कपाटाच्या खालच्या खणात.
हात दोनच.

नवव्या दिवशी कुलूप काढलं.
अल्बम पावासारखा फुगलेला.
तिनं एकेक फोटो सोडवून
चिमटे लावून दोरीवर घातला,
काही उकलताना समोरच्या पानालाच गेले.
माझ्या मेव्हण्याच्या तोंडावर
अजून मामंजींची मिशी आहे.
लग्नातला एकही राहिला नाही.
राहिला तो गडहिंग्लजला, तिच्या मावसबहिणीच्या भिंतीवर.
भाच्यानं मोबाईलवर काढून पाठवला,
फ्रेमच्या काचेतल्या ट्यूबलाईटसकट.

अश्पाक आत गेला.
त्याच्या दुकानातही, छातीएवढ्या उंचीवर,
एक रेघ आहे पेन्सिलची.
नवा रंग दिला तेव्हा तेवढी पट्टी सोडली त्यानं.
स्टीलच्या तांब्यात पाणी आणलं,
तिन्ही यंत्रांचे नमुने ओळीनं ठेवले
आणि काही न बोलता ओतलं.

पहिल्यातल्या बाईचं कुंकू ओघळलं.
दुसरा कडेनं जरा फुगला.
डब्यातनं निघालेल्या तिसऱ्यावर
पाणी अळूच्या पानावर थांबावं तसं थांबलं.

"महाग पडंल," मी म्हणालो. "फोटोमागं दीडपट."
"पडू दे," ती म्हणाली,
आणि डबा एका हातात उचलून बघितला.

घरी तो कपाटाच्या माथ्यावर ठेवला,
भिंतीवरच्या डागापासून सव्वातीन फूट वर, मोजून.
वायर पोचेना. एक्स्टेन्शन आणलं.
मी स्टुलावर, ती खाली मोबाईल धरून.

कागद आत गेला, बाहेर आला,
आणि आम्ही दोघं नुसते पिवळे.
शालन हसली, "हळदीचाच काढलास की."
पुन्हा आत. आता शालू आला, मुंडावळ्या आल्या,
तिच्या गालावर तेव्हाचा राग आला;
फोटोवाल्यानं तासभर उभं केलेलं.
तिसऱ्या फेरीला निळा,
आणि निळ्यासोबत सावल्या, केस, मागची कनात.
मग चौथ्यांदा गेला.
परत आला तेव्हा काहीच बदललेलं नव्हतं.

"आता काय केलं त्यानं?"
"ही पाण्यासाठी," मी म्हणालो.
तिचा विश्वास बसला नसावा.
फोटो घेऊन सरळ मोरीत गेली,
नळ सोडला, खाली धरला, उलटा केला, पुन्हा धरला.

पदराला पुसून आणला.
सगळं जागच्या जागी.
माझ्या कपाळावरची ट्यूबलाईटसुद्धा.