उशिराचं कारण

कामाच्या कागदावर एकच ओळ होती:
रीफ्टन, खांब क्रमांक दोन, जुनी केबल काढून
नवी बसवणे, हल्लीच्या सगळ्या गाड्यांना चालते ती.
मेन स्विचवर माझा हात गेलाच होता
तेवढ्यात राहूची खिंड उतरून
एक निळी लीफ आली, हीटर बंद, काचा धुरकटलेल्या,
आत दोन स्वेटर आणि लोकरी टोपीत
ब्रिजिड हॅन्राहन.
नऊ टक्के, ती म्हणाली, शिवी हासडावी तसं.
वेस्टपोर्टला डोळ्यांचा डॉक्टर, साडेअकराची वेळ.

नवी केबल व्हॅनमध्ये वेटोळं घालून पडली होती.
हिच्या गाडीला ती असून नसल्यासारखी.
वीज तीच, धरणही तेच,
पण तोंड वेगळं, आणि बोली वेगळी.
लोकांना वाटतं, खुपसलं की भरतं.
तसं नसतं.
आधी कुलूप पडतं, खट्.
मग गाडी विचारते, कोण तू?
खांब म्हणतो, माझ्यापाशी एवढं आहे.
गाडी म्हणते, इतकंच दे, आता पूर्वीसारखं पचत नाही.
एवढं ठरेपर्यंत एक कण सरकत नाही.
दोघांत बसून दुभाषेपण करणारा एक डबा मिळतो म्हणा,
पाव गाडीच्या भावात.

मी हात खाली घेतला.
तिने ते जुनं जाडजूड तोंड दोन्ही हातांनी उचललं,
बंब उचलावा तसं,
आणि गाडीच्या नाकात बसवलं.
खट्.

याला चाडेमो म्हणतात, मी म्हटलं,
जपानीत त्याचा दुसरा अर्थ निघतो:
तोवर चहा तरी घेऊ या.
ती हसली नाही. थर्मास काढला.
झाकण एकच होतं, आळीपाळीने प्यायलो.
सँडफ्लाय मनगटांवर बसत होत्या, आम्ही हाकलत होतो,
आकडा एकेक करून चढत होता.

परत येताना ही असेल का?
नाही.
वेस्टपोर्टची?
ती आहे, मी म्हटलं, आणि मग, गुरुवारपर्यंत.
गुरुवारचा कागद माझ्याच खिशात होता.
तिने झाकण पुसलं, घट्ट लावलं.

ऐंशीला ती निघाली.
गाडी चालू करताच आतून एक बाई बोलली, जपानीत, अदबीने.
घेतली तेव्हापासून आहे ही, ब्रिजिड म्हणाली,
रोज सकाळी काहीतरी चांगलं चिंतते,
मीही म्हणते, तुलाही गं बाई.
वर्कशॉपमध्ये अशा पन्नासेक गाड्या ऐकल्यात मी.
ती म्हणते, टोलचं कार्ड घातलेलं नाही.
मी खिडकीवर थाप मारली, सावकाश जा म्हटलं.

मग स्विच पाडला, बोल्ट काढले.
केबल अजून कोमट होती.
धूळ जाऊ नये म्हणून तिच्या तोंडावर टोपण बसवलं,
ती भंगारात जायची होती तरी.
फॉर्मवर एक रकाना असतो, उशिराचं कारण.
चहा, असं लिहिलं.
खोडून लिहिलं, गाडी लागलेली होती.