हातचे चार

राइली हन्नुकाइनेनबाईंची फाइल माझ्याकडे आली
तुर्कूत, नोव्हेंबरात, तीनलाच दिवे लागतात तेव्हा.
समितीला आकडा हवा होता:
बाईंच्या कामाचा दाखला कुणी कुणी दिला.

एकोणीस.
त्यांतले सहा त्यांचे त्यांनीच.
दोन त्यांच्या विद्यार्थ्याचे, तो आता मेट्रोच्या तिकीटदरांत रमलाय.
एकाने आडनावातला एक न गाळलेला,
यंत्राला दिसला नाही, मला दिसला.
आणि एकाने खोडून काढायला का होईना,
पण नीट वाचलं होतं.

निबंध साधाच:
बर्फावरून म्हातारी माणसं रस्ता किती वेळात ओलांडतात.
तीन हिवाळे बाई आउरा नदीच्या पुलापाशी उभ्या,
हातमोज्यात स्टॉपवॉच.
तळटीप सात: काठी घसरली
की माणूस आधी सिग्नलकडे बघतो, मग काठीकडे.
हे वाक्य कुणीच कुठे घेतलेलं नाही.

आकडा भरला, निघालो.
पुलाच्या चौकात एक आजोबा,
चाकांच्या आधारगाडीत बटाट्यांची पिशवी,
इतके सावकाश
की बसवाल्याने थर्मास उघडला.
अर्ध्यात आले. आता जाणार हिरवा, मी मोजायला लागलो,
गेला नाही.
एक. दोन. तीन. चार.
पुढचं चाक फुटपाथवर चढलं, मग लाल.

आजोबांना बाई ठाऊक नाहीत.
सिग्नललाही नाहीत.

सकाळी फाइल पुन्हा उघडली.
यासाठी रकाना नव्हता.
शाळेत बेरजेला लिहायचो तसं
कोपऱ्यात, पेन्सिलीने, बारीक:
हातचे चार.