गुरुवार मोकळा ठेवा

तुम्ही विचारलंय, कासवं नक्की दिसतील ना,
आणि दिसली तर साधारण किती वाजता.
उत्तर लिहायला बसलेय.
केल्रनच्या गणिताच्या वहीचं शेवटचं पान फाडलंय,
मागच्या बाजूला त्याचा भागाकार आहे, चुकलेला,
तिकडे लक्ष देऊ नका.

सोमवारी तुम्ही कॅरिअकूला उतराल.
विमान लहान, सामानाबरोबर माणसांनाही तोलतात.
लाजू नका, इथे बिशपलाही तोललं होतं.

मंगळवारी वाळूचं बेट. आठ म्हणजे आठ.
दहानंतर वारा उठतो, पाणी गढूळतं.
पाकट मासा वाळूत अंग पुरून बसलेला असतो,
फक्त डोळे बाहेर,
उधारी मागायला आलेल्याला फटीतून बघावं तसे.
पाय घासत चाला, उचलून टाकू नका.
आवाज ऐकला की तोच उठून जातो, भला आहे.

बुधवारी कयाक, खारफुटीतून.
धाकटीला वल्हं जड होईल;
अल्फॉन्सस तासून देईल, पैसे घेणार नाही,
तिखट सॉसची बाटली आणा.

कासवांचं असं आहे:
ती गवत खायला येतात, तुम्हाला भेटायला नाही.

गुरुवार मोकळा ठेवा.
का, ते आमच्या पत्रकात नाही, म्हणून सांगते.

बावीस वर्षं मी लोकांच्या डोळ्यांवर
पाण्यात घालायची काच बांधतेय.
केस अडकू न देता पट्टा मागे,
आत थुंका म्हणते, धुकं धरत नाही.
मग ते खाली बघतात
आणि मी होडीतून त्यांच्या पाठी बघते,
मोजते: सहा. सहा. पाच. सहा.
बावीस वर्षं, नुसत्या पाठी.
आई सांगायची, समुद्राकडे पाठ करू नये
आणि तोंड तर मुळीच घालू नये.
पहिलं मी कधी कधी मोडलं.

गेल्या ईस्टरआधी एक कुटुंब आलंच नाही,
मुलीला कांजिण्या.
तेल भरलेलं, डबे भरलेले,
मक्याचं कू-कू अजून गरम.
केल्रन म्हणाला, चल.
त्या मुलीच्या मापाची काच मला बसली.
शिडीच्या शेवटच्या पायरीवर
मी ठाऊक होते तेवढे सगळे संत आठवले,
अर्ध्या तासात
संत संपले.

खाली
कुणीतरी तवा खरवडत होतं.
पोपटमासे. दगड खात होते, सावकाश,
घाई नसलेल्या माणसांसारखे.
मी वर मान वळवली, श्वासाची नळी सांभाळत,
आणि तिथे ती होती, माझी ‘लेडी युनिस’.
वरून तिला दर जूनमध्ये मीच रंगवते,
निळा, पांढरी रेघ, आईचं नाव.
खालून
ती उजेडात नुसती टांगलेली.
पोटाला शिंपल्यांचे खवले, हिरवी दाढी,
तिच्या सावलीत एक बोटभर मासा
भाडं न देता राहायला आलेला.
हे सगळं कितीजणांनी पाहिलं असेल,
आणि वर येऊन मला म्हणाले फक्त, वा, सुंदर.

कासव आलं होतं म्हणे.
माझ्या डाव्या खांद्यावरून गेलं,
केल्रनने वरून मोजलं: एक कासव, एक आई.
मी होडीच बघत होते.

तर गुरुवारी होडी मिळणार नाही.
हिल्सबरोच्या बाजारात जा, जायफळाचा जॅम घ्या,
किंवा झोपा, सुट्टीवर आलाय.
शुक्रवारचं वारा बघून ठरवू.

सगळ्यांच्या काचांची मापं कळवा.
आणि येताना जमलं तर
लहान मापाचा एक पट्टा आणा, रबराचा.
इथे मिळत नाही,
माझा तुटत आलाय.